दातांवरच्या सिरॅमिक क्लिपा : काढताना लेसर कशाला?

मुलांच्या दातांना क्लिपा लावायच्या म्हटले की घरात सगळी चौकशी होते ती लावण्याची. किती महिने लागतील, दुखेल का, पैसे हप्त्याने दिले तर चालतील का. त्या काढणार कशा, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. आमच्या बाजीच्या मुलीच्या वरच्या पुढच्या सहा दातांवर दोन वर्षे सिरॅमिकच्या, म्हणजे दातांच्या रंगाच्या क्लिपा होत्या. निकाहची तारीख ठरली आणि त्या काढायला आम्ही तिला घेऊन गेलो, तेव्हा अर्ध्या तासात मोकळे होऊ अशीच आमची समजूत होती. पहिल्या दोन नीट निघाल्या. तिसरी पकडीत धरली आणि कट्कन फुटली. अर्धी पकडीत आली, अर्धी दातावर तशीच राहिली.

मुलगी घाबरून खुर्चीत उठून बसली. दातावर राहिलेला तुकडा हिऱ्याची कणी लावलेल्या मशीनने घासून काढावा लागला. त्याला वीसएक मिनिटे लागली आणि त्यानंतर त्या दाताला गार पाणी झोंबायला लागले. डॉक्टरांनी दातामागून दिवा धरून पाहिले, तर केसासारखी बारीक उभी रेघ दिसली. चौथ्या दाताला हात लावायच्या आधी ते स्वतःच थांबले, एवढे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. कारण चौथा दात म्हणजे लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडलेला, रूट कॅनाल केलेला आणि पुढचा कोपरा मसाला भरून तयार केलेला. ते म्हणाले, “हा मी पकडीने काढणार नाही. लेसर असेल तिथे जा.”

क्लिप काढायला लेसर कशाला, हे आम्हाला तेव्हा कळले नाही. घरी आल्यावर वाचायला घेतले, ओळखीच्या दंतवैद्यांना गाठले, मग तो खरोखर डोळ्यांनी पाहिला. जे समजले ते इथे मांडतो. हल्ली आपल्या घरांतल्या किती तरी मुली चांदीसारख्या क्लिपा नको म्हणून सिरॅमिकच्याच मागतात.

आधी ही सिरॅमिकची क्लिप, दवाखान्यात जिला ब्रॅकेट म्हणतात, ती असते कशाची ते पाहू. नाव ऐकून कपबशीची चिनीमाती डोळ्यांपुढे येते. पण ही ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची असते. आपण ज्याला कुरुंद म्हणतो तो धार लावायचा दगड याच पदार्थाचा. त्याच्यात क्रोमियमचा अंश मिसळला की याकूत होतो, लोखंड आणि टायटॅनियमचा मिसळला की नीलम. आमच्या भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे खाला, दोन वर्षे मी जवाहीर घालून फिरले!” खोटे नाही. या क्लिपांचा एक प्रकार तर एकसंध स्फटिकातून कापलेला असतो, काचेसारखा आरपार. दुसऱ्यात बारीक कण भट्टीत भाजून एकजीव करतात; तो दुधी दिसतो आणि जास्त वापरला जातो. दोन्ही प्रकार बाजारात आले 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात.

कुरुंद म्हटल्यावर कठीणपणा आलाच. खनिजांचा कठीणपणा मोजायची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे तिच्यावर हिरा 10 वर, कुरुंद 9 वर आणि दाताचे बाहेरचे कवच, इनॅमल, साधारण 5 वर. म्हणून वरचे दात खालच्यांवर फार खोल बसत असतील, तर खालच्या दातांना सिरॅमिक लावायला डॉक्टर कचरतात. चावताना वरचे दात त्यावर घासून झिजतात. पण काढतानाचा खरा प्रश्न कठीणपणाचा नाही, ठिसूळपणाचा आहे. पोलादाची क्लिप पकडीत दाबली की वाकते. तिचा तळ दुमडतो आणि डबीवरचे झाकण सोलावे तशी ती दातावरून सुटते. पोलाद तुटण्यापूर्वी सुमारे 20 टक्के ताणले जाऊ शकते, ॲल्युमिना एक टक्काही नाही. ती वाकणार नाही. जोर लावला की तो जोर कुठे तरी जायला हवा. एक तर क्लिप फुटते, नाही तर तो दाताच्या कवचावर जातो.

आणि हे कवच पुन्हा येत नाही. हाड मोडले तर जुळते, चामडी कापली तर भरून येते. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याच्या सुमारासच संपलेल्या असतात. त्याचा टवका उडाला तर मसाला भरता येतो, इनॅमल नाही.

क्लिप दाताला इतकी घट्ट बसते कशी, हेही बघण्यासारखे आहे. 1955 साली अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिले की इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतले की त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे पडतात. त्यांत पातळ राळ शिरते आणि घट्ट झाली की धरून बसते. आज दातांच्या रंगाचा मसाला भरतात तोही याच युक्तीवर. सिरॅमिक क्लिपा निघाल्या तेव्हा कंपन्यांनी आणखी पुढे जाऊन तळाला असे रसायन लावले की राळ आणि क्लिप यांचा रासायनिक सांधाच जुळला. बांधणी झाली भक्कम, आणि काढताना इनॅमलचे टवके उडाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. मग कंपन्या शहाण्या झाल्या. तळाला खाचा, दाणे करून पकड यांत्रिक ठेवली. काहींनी मधोमध अशी कमकुवत रेघ ठेवली की दोन्ही बाजूंनी दाबताच क्लिप तिथे दुमडावी. त्यामुळे आजच्या क्लिपा पूर्वीपेक्षा बऱ्याच सुरक्षित आहेत. तरी फुटतात, हे आम्ही पाहिलेच.

पकडीला पर्याय म्हणून काय काय करून पाहिले गेले! सूक्ष्म कंपनांच्या यंत्राने राळ कोरून काढली. वेळ फार लागतो. विजेच्या तापलेल्या टोकाने क्लिप गरम करून राळ मऊ केली. पण गरम टोक तोंडात फिरवायचे, गालाला-ओठाला लागायची धास्ती. कल्पना मात्र बरोबर होती. राळ उष्णतेने मऊ होते, मग क्लिपला ओढावे लागत नाही. हवी होती ती अशी उष्णता की जी फक्त राळेपर्यंत जाईल, क्षणात जाईल आणि तिथेच संपेल. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी त्यासाठी लेसर हाती घेतला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या पहिल्या प्रयोगांत जे लेसर वापरले गेले त्यांतला एक कार्बन डाय-ऑक्साइडचा होता. तो 1964 साली शोधला चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी. त्यांचा जन्म 1938 चा, आपल्या बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर तयार केला. कारखान्यात पत्रा कापण्यापासून ऑपरेशनपर्यंत तो जगभर वापरला जातो. आणि जगातला सगळ्यात पहिला लेसर, 1960 सालचा, थिओडोर मेमन यांनी कशातून काढला? याकुताच्या कांडीतून. म्हणजे त्याच कुरुंदाच्या घराण्यातून. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात.

लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा, एका ठिपक्यावर एकवटणारा प्रकाश. कोणता पदार्थ कोणता रंग शोषतो यावर त्याचे सगळे काम चालते. पटेलांच्या लेसरचा प्रकाश 10,600 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, डोळ्याला न दिसणारा. तो सिरॅमिकच्या वरच्या थरातच शोषला जातो. क्लिप तापते आणि तिची ऊब खाली राळेपर्यंत उतरते. आज या कामासाठी सगळ्यात जास्त अभ्यास झालेला लेसर वेगळा आहे, एर्बियम याग. त्याची लहर 2,940 नॅनोमीटरची. पाणी हीच लहर सर्वांत जास्त शोषते. त्याचा काही प्रकाश क्लिपमधून आरपार जाऊन थेट राळेत पोचतो. राळेत मुरलेला ओलावा आणि तिच्यातले सुटे घटक तो पिऊन घेतात, राळ मऊ पडते किंवा पातळ थर क्षणात वाफ होऊन उडतो आणि क्लिप सुटते. एकसंध स्फटिकाच्या क्लिपमधून प्रकाश सरळ जातो. दुधी क्लिपमध्ये कणाकणांच्या सीमेवर तो विखुरतो, म्हणून तिथे जास्त ऊर्जा द्यावी लागते. धातूच्या क्लिपमधून प्रकाश जातच नाही. त्यामुळे “आमच्या मुलीच्या स्टीलच्या क्लिपाही लेसरनेच काढा” असे कोणी म्हणत असेल तर त्यात अर्थ नाही.

आता भीतीची बाजू. दाताच्या आत जिवंत नस असते, तिला उष्णता सोसत नाही. 1965 साली झॅक आणि कोहेन या दोन संशोधकांनी माकडांच्या दातांवर केलेला प्रयोग आजही प्रमाण मानतात. आतले तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सियसने वाढले तेव्हा 15 टक्के दातांच्या नसा सावरल्या नाहीत. म्हणून लेसरवरच्या प्रत्येक अभ्यासात हा साडेपाचचा आकडा उंबरठ्यासारखा धरलेला दिसतो. एर्बियम याग वापरताना पाण्याचा फवारा सोडला, झोत एकाच जागी न धरता क्लिपवर फिरता ठेवला आणि काम काही सेकंदांत आटोपले, तर वाढ या उंबरठ्याच्या आत राहते असे बहुतेक प्रयोगांत आढळले. पण यातले बरेचसे प्रयोग काढून टाकलेल्या दातांवर, टेबलावर झालेले आहेत. जिवंत माणसांच्या तोंडातले अभ्यास कमी आहेत. डॉक्टरांच्या हाताला याची सवय असणे म्हणूनच महत्त्वाचे. हाच एर्बियम याग किडलेला दात कोरायलाही वापरतात. तो झोत क्लिपवरून घसरून उघड्या इनॅमलवर पडला तर तिथेही खड्डा करू शकतो.

आम्ही गेलो ते दुसऱ्या शहरात. बाजीला वाटत होते की लेसर म्हणजे मोठे ऑपरेशन, भूल देतील. तसे काही नव्हते. आधी डॉक्टरांनी उरलेल्या तिन्ही दातांचे जवळून फोटो घेतले आणि मागून दिवा धरून रेघा आहेत का ते पाहून लिहून ठेवले. मग मुलीला, मदतनीस मुलीला, स्वतःला आणि दारात उभ्या असलेल्या आम्हालाही जाड चष्मे दिले. हे चष्मे त्याच लहरीसाठी बनवलेले असावे लागतात, साधा काळा चष्मा चालत नाही. दाताभोवती कापूस लावला, क्लिपच्या कडेची जादा राळ आधी खरवडली. मग झोत सुरू झाला. टकटक असा बारीक आवाज, पाण्याचे तुषार, किंचित जळका वास. टोक क्लिपच्या कडेने आणि वरून फिरत होते. आम्ही मनात आकडे मोजत होतो. दहापर्यंत पोचलो नाही तोच डॉक्टरांनी झोत थांबवला आणि एका साध्या हत्याराने क्लिप हलकेच पिरगळली. ती सुटली. अख्खी. मुलीचा हात बाजीच्या हातात होता, बाजीनेच तो जास्त घट्ट धरला होता.

रूट कॅनाल केलेला दात त्यांनी शेवटी घेतला. त्यात जिवंत नस नाही, त्यामुळे उष्णतेची काळजी कमी, पण मोडण्याची जास्त, असे ते म्हणाले. तिथे क्लिप पहिल्या झोतात हलली नाही. जोर लावण्याऐवजी त्यांनी दात गार होऊ दिला, पुन्हा काही सेकंद झोत फिरवला. दुसऱ्या वेळी सुटली आणि कोपऱ्यातला मसालाही जागच्या जागी राहिला.

राळ मात्र जवळजवळ सगळी दातांवर राहिली होती. आम्ही हिरमुसलो. पण डॉक्टरांना तेच हवे होते. सांधा क्लिप आणि राळ यांच्यामध्ये तुटला म्हणजे इनॅमल ओढले गेले नाही. मग ती राळ कार्बाइडच्या टोकाने मशीन हळू ठेवून उतरवली आणि पॉलिश केले. खरा वेळ यातच गेला, लेसरला नाही.

मग प्रत्येकाने लेसरच मागावा का? आमचे मत, नाही. ज्या कंपनीची क्लिप तिचीच पकड, क्लिपभोवतीची जादा राळ आधी काढणे, मुलाला कापसाचा बोळा चावायला देऊन दाताला आधार देणे आणि पिरगळण्याऐवजी हळू दाबणे, एवढे नीट केले तर बहुतेकांच्या सिरॅमिक क्लिपा साध्या पकडीने सुखरूप निघतात. लेसर महाग आहे, सगळीकडे नाही. आमच्या तीन दातांचे जे पैसे झाले त्यात निकाहचा एक बरा ड्रेस आला असता असे बाजी अजून ऐकवते. पण दाताला आधीच रेघ असेल, मोठा मसाला भरलेला असेल, रूट कॅनाल झालेले असेल किंवा पोर्सेलीनची टोपी असेल, तिथे तो खर्च वाया नाही. अशा दातावर सिरॅमिक लावायचीच नाही, तिथे धातूची लावावी, हाही एक सरळ मार्ग आहे. तो आम्हाला दोन वर्षांपूर्वी कोणी सुचवला नाही, आणि आम्ही झोपाळ्याची गोष्ट कोणाला सांगितली नाही.

या सगळ्यात आमच्या अम्मींचा प्रश्न वेगळाच होता. अल्लाहने दिलेले दात असे सरकवणे जायज आहे का? नुसत्या सौंदर्यासाठी दातांत फट पाडून घेण्याला हदीसमध्ये सक्त मनाई आहे, हे त्यांना ठाऊक होते. पण उलेमांनी शोभेसाठीची फेरफार आणि दोष दूर करणे यांत फरक केला आहे. त्यासाठी ते हजरत अर्फजा (रजि.) यांचा दाखला देतात; लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घ्यायला सांगितले. आडवेतिडवे दात चावायला त्रास देत असतील, साफ राहत नसतील, तर ते सरळ करणे उपचारातच मोडते. दहाव्या शतकात कुर्तुबाचे हकीम अल-जहरावी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधत असत आणि दातांवरचे कीटण खरवडायच्या हत्यारांची चित्रे त्यांनी आपल्या ‘अत-तस्रीफ’ या ग्रंथात दिली आहेत. दातांना तार ही काही फिरंग्यांची नवी खोड नाही, हे ऐकून अम्मी हसल्या. गुस्लचा प्रश्नही निघतो. हनफी मतात गुस्लमध्ये कुल्ली करणे फर्ज आहे. पण क्लिपा चिकटवलेल्या, सहज न निघणाऱ्या असतात, म्हणून त्यांच्याखाली पाणी पोचले नाही तरी गुस्ल होते असेच उलेमा सांगतात. रमजानमध्ये मात्र क्लिपा काढायची वेळ इफ्तारनंतरची घ्यावी किंवा ईदनंतर ठेवावी. लेसर असो की मशीन, पाण्याचा फवारा असतोच आणि घोट कधी घशाखाली जाईल सांगता येत नाही.

ज्यांच्या घरी क्लिपा लावायच्या आहेत त्यांनी लावण्यापूर्वीच दातांचे जवळून फोटो मागून घ्यावेत. आमच्या तिसऱ्या दातावरची ती रेघ पकडीने पडली की आधीपासून होती, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पहिल्या डॉक्टरांना वाटते ती जुनी. आम्हाला तसे वाटत नाही. पण हातात फोटो नाही, तेव्हा बोलण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या डॉक्टरांच्या मते ती रेघ वरवरची आहे. गार पाणी झोंबणे त्यांच्या सांगण्यावरून फ्लोराइडची पेस्ट वापरल्यावर महिन्याभरात कमी झाले. दर सहा महिन्यांनी फोटो काढून ती वाढते का ते पाहायचे आहे. रात्री झोपताना रिटेनर घालायचा आहे, नाही तर दात पुन्हा जुन्या जागी सरकतात. तो तिने सासरी नेलेल्या सामानात सगळ्यात आधी ठेवला.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मुलगी कितीतरी वेळ दातांवरून जीभ फिरवत होती. “खाला, किती गुळगुळीत लागतंय,” म्हणाली. स्टँडसमोर एक बाई निखाऱ्यावर कणसे भाजत होती. दोन वर्षे तिला कणीस बंद होते. बाजी नको नको म्हणत असताना तिने एक घेतलेच. मात्र खाल्ले दाणे सोलून, एकेक, डाव्या दाढेने.